इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत आणि गाडीही चालवता? मग निघण्याआधी हे वाचा

ज्यांना नुकतंच इन्सुलिन चालू झालंय किंवा डॉक्टरांनी शुगरची गोळी बदलून दिलीय आणि जे रोज पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर नाहीतर कार घेऊन बाहेर पडतात त्यांच्यासाठी हे लिहितेय. मला डायबेटिस होऊन ११ वर्षं झाली, इन्सुलिन चालू होऊन ४. तेव्हा दवाखान्यात पेन कसं धरायचं, सुई कुठे टोचायची, फ्रीजमध्ये कुठे ठेवायचं हे सगळं अगदी नीट शिकवलं, पण तुम्ही गाडी चालवता का हे कोणी विचारलं नाही आणि मलाही सांगायचं सुचलं नाही.

इन्सुलिन सुरू होऊन तिसराच आठवडा असेल. धायरीहून हिंजवडीला ऑफिसला जाते मी, बायपासने. त्या दिवशी साडेसातला इंजेक्शन घेतलं, नाश्ता ऑफिसच्या कँटीनमध्येच करू म्हटलं, पोहे असतात तिथे गरम, आणि वारज्याच्या पुढे ट्रॅफिक ठप्प. चांदणी चौकाला पोचेपर्यंत पाऊण तास गेला होता. तिथून मला सरळ जायचं, रोजचा रस्ता, आणि मी चुकीच्या रॅम्पने कोथरूडकडे उतरले. उतरले ते उतरले, पण आपण चुकलोय हे कळलंच नाही, उलट मागचे लोक हॉर्न का मारतायत म्हणून प्रचंड राग येत होता. एका चहाच्या टपरीपाशी कशीबशी गाडी कडेला घेतली कारण समोरचा रस्ता पाण्यातून बघतोय तसा दिसायला लागला. पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या होत्या, पण हात इतके थरथरत होते की कागदाची पीळ सुटेना, दोन्ही हातांनी ओढला, दातांनी ओढला, शेवटी गोळी कागदासकट तोंडात टाकली. टपरीवाले दादा धावत आले, "ताई, बरं वाटत नाही का?" म्हणाले आणि नुसत्या कोमट पाण्यात साखर ढवळून दिली. ग्लुकोमीटर मागच्या सीटवरच्या बॅगेत, मला मागे वळून तो घेताच येईना, त्यांनीच काढून दिला. आकडा आला ४८.

त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली. शुगर खाली जाते तेव्हा उपाशी पडतो तो मेंदू आणि "मी ठीक आहे का, गाडी चालवू शकते का" हे ठरवायचं काम त्याच मेंदूकडे असतं. म्हणजे ज्या क्षणी हा प्रश्न विचारायची खरी गरज असते तेव्हा उत्तर देणाराच धड नसतो. म्हणून हा निर्णय रस्त्यावर घ्यायचा नाही, घरात, खुर्चीत बसून, मीटरचा आकडा बघून घ्यायचा. खालचं सगळं त्यासाठी आहे.

(शुगरचे आकडे जे देतेय ते आपल्याकडे मीटरवर दिसतात तेच, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधले. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला वेगळा आकडा सांगितला असेल तर तोच धरा.)

१. आधी तुमचं औषध कोणतं आहे ते बघा

डायबेटिस असणाऱ्या प्रत्येकाला गाडी चालवताना हा धोका नसतो, हे आधी सांगते म्हणजे उगाच घाबरायला नको. शुगर एकदम खाली नेण्याचं काम मुख्यतः इन्सुलिन करतं आणि काही ठरावीक गोळ्या करतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिपिझाइड, ग्लिबेनक्लामाइड या त्या गोळ्या, आणि रेपाग्लिनाइडसुद्धा. लक्षात ठेवायची सोपी खूण म्हणजे नावाची सुरुवातच "ग्लि" ने होते (रेपाग्लिनाइड सोडून). सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, डापाग्लिफ्लोझिन यांच्या नावात मध्ये कुठेतरी ग्लि आहे पण त्या वेगळ्या जातीच्या गोळ्या, त्या किंवा मेटफॉर्मिन एकट्याने घेत असाल तर शुगर लो होण्याची शक्यता खूप कमी.

आता फसगत कुठे होते, तर आपल्याकडे बहुतेकांना एकत्र गोळी असते, दोन नाहीतर तीन औषधं एकात. स्ट्रिपवर ब्रँडचं नाव मोठ्ठं आणि आतली औषधं बारीक अक्षरात. "मी फक्त एकच साधी गोळी घेतो" म्हणणाऱ्या माझ्या सासऱ्यांच्या त्या एका गोळीत मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि व्होग्लिबोज अशी तीन औषधं निघाली. तेव्हा केमिस्टकडे स्ट्रिप घेऊन जा आणि आतली नावं कागदावर लिहून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर अजून एक गोष्ट, आणि ही फार कमी लोकांना माहीत असते. या औषधांमुळे साखर पोटात फुटायला वेळ लागतो, म्हणजे शुगर लो झाल्यावर तुम्ही साखर खाल्ली, बिस्किट खाल्लं तरी लवकर चढत नाही. तुम्हाला थेट ग्लुकोजच लागतं. साधी ग्लुकोज पावडर घ्या, फ्लेवरवाल्या पाकिटात साखर मिसळलेली असू शकते, लेबल वाचून घ्या.

ब्लडप्रेशरसाठी किंवा हार्टसाठी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, प्रोप्रानोलॉल यातलं काही चालू असेल तर तेही लिहून ठेवा. यांच्यामुळे छातीतली धडधड आणि थरथर दबून जाते, म्हणजे धोक्याची घंटाच वाजत नाही. घाम मात्र येतो, म्हणून एसी चालू असताना कपाळाला गार घाम आला तर त्याकडे दुर्लक्ष नको.

२. डॉक्टरांना हे विचारून घ्या

ओपीडीत गर्दी असते, आपल्याला पाच मिनिटं मिळतात आणि बाहेर आल्यावर सगळं आठवतं. म्हणून कागदावर लिहून न्या आणि पहिलंच वाक्य "मी रोज इतके किलोमीटर गाडी चालवते" हे सांगा. मग विचारा: माझ्या औषधाचा जोर दिवसात कधी सगळ्यात जास्त असतो, निघताना माझी शुगर किती पाहिजे, मला लो झाल्याचं आधी कळतं का, किडनी कशी आहे (किडनी कमजोर असेल तर इन्सुलिनचा आणि या गोळ्यांचा असर लांबतो), आणि डोळ्यांचा पडदा शेवटचा कधी तपासला.

लो झाल्याचं कळतं का, या प्रश्नाचं उत्तर प्रामाणिकपणे द्या. वर्षानुवर्षं डायबेटिस असलेल्या किंवा वारंवार लो होणाऱ्या लोकांना हळूहळू लक्षणंच जाणवेनाशी होतात, शुगर ५० असते आणि माणूस गप्पा मारत असतो. तुमचं असं होत असेल, किंवा गेल्या काही महिन्यांत असं लो झालंय की दुसऱ्या कोणीतरी तुम्हाला भरवून शुद्धीवर आणावं लागलं, तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत गाडी बंद. यात तडजोड करू नका. माझ्या ओळखीतल्या एका काकांनी सहा महिने गाडी सोडून बस आणि मेट्रो धरली, डॉक्टरांनी डोस कमी करून शुगर थोडी वर ठेवली आणि लक्षणं परत जाणवायला लागली. म्हणजे हे कायमचं असतंच असं नाही.

३. खिशात काय, गाडीत काय

हे आजच जमवा:

- ग्लुकोमीटर, पट्ट्या, बोट टोचायचं पेन, दोन जादा सुया
- ग्लुकोज पावडर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या, नाहीतर फळांच्या रसाचा छोटा टेट्रापॅक (झिरो शुगर किंवा डाएट लिहिलेलं काहीही नको)
- बिस्किटचा पुडा किंवा भाजलेले शेंगदाणे आणि चणे
- पाण्याची बाटली
- एक कार्ड: "मला डायबेटिस आहे. मी इन्सुलिन घेते. मी गोंधळलेली दिसले तर मला साखर द्या. बेशुद्ध असले तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा." खाली घरच्यांचा नंबर

कार्ड मराठीत लिहा आणि लायसन्सच्या पाकिटातच ठेवा, कारण पोलीस आधी लायसन्सच मागतात. लो झालेला माणूस अडखळत बोलतो, तोल जातो, चिडतो, बघणाऱ्याला वाटतं प्यालाय. हे कार्ड हातात असलं की समोरच्याचा गैरसमज लगेच दूर होतो. मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर इमर्जन्सी माहिती भरायची सोय असते, तिथेही हेच भरून ठेवा.

कार असेल तर ग्लुकोज हाताशी, गिअरजवळच्या खाचेत. मागच्या सीटवर नाही, डिक्कीत तर नाहीच. मी आता मसाल्याच्या फिरकीच्या डबीत ग्लुकोज पावडर भरून ठेवते, एका हाताने उघडते. जे घ्याल ते घरी एकदा डोळे मिटून आणि डाव्या हाताने उघडून बघा. नाही उघडलं तर ते बदला.

स्कूटरवाल्यांनो, तुमच्यासाठी वेगळं. सीटखालच्या डिक्कीत सगळं ठेवायची आपल्याला सवय, पण लो झाल्यावर स्टँड लावा, किल्ली फिरवा, सीट उचला हे सगळं करायला हात चालत नाहीत. ग्लुकोज शर्टाच्या खिशात किंवा कमरेच्या पाऊचमध्ये. मीटरसुद्धा डिक्कीत नको, उन्हात ती इतकी तापते की पट्ट्या खराब होतात.

इन्सुलिनचंही तेच. एप्रिल-मेमध्ये बंद कार पंधरा मिनिटांत भट्टी होते, पेन तिथे राहिलं तर इन्सुलिनची ताकद जाते आणि दिसायला त्यात काहीच फरक दिसत नाही. पेन पर्समध्ये घेऊन उतरायचं. आणि लांबच्या प्रवासात बर्फाला चिकटवूनही ठेवू नका, गोठलं की ते वाया गेलं.

४. निघण्याआधी बोट टोचा

नियम माझा सरळ आहे, गाडीची किल्ली घेण्याआधी मीटर.

९० च्या वर असेल तर निघा. ७० ते ९० असेल तर आधी थोडं खा, अर्धी पोळी, केळं, दोन-चार बिस्किटं जे असेल ते, आणि मग निघा. ७० च्या खाली असेल तर निघायचंच नाही, आधी ग्लुकोज, मग पुढचं (पायरी ६). ब्रिटनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या ड्रायव्हर्सना हेच शिकवतात, निघण्यापूर्वीच्या २ तासांत शुगर तपासलेली हवी आणि गाडी चालवत असताना दर २ तासांनी परत. आपल्याकडे असा लेखी नियम डायबेटिसवाल्यांसाठी नाही, पण शरीर तर सारखंच आहे ना, मी तोच पाळते.

आकडा खोटा कधी येतो तेही सांगते. आंबा चिरून किंवा प्रसादाचा पेढा खाऊन तसंच बोट टोचलं की बोटावरची साखर रक्तात मिसळते आणि ७५ चे १५० दिसू शकतात, आणि तुम्ही बिनधास्त निघता. साबणाने हात धुवा, कोरडे करा. रस्त्यात पाणी नसेल तर पहिला थेंब पुसून टाका, दुसरा पट्टीवर घ्या.

दंडावर शुगर मोजणारा सेन्सर लावला असेल तर नुसता आकडा बघू नका, बाण बघा. सेन्सर रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो, त्यामुळे ९५ आणि बाण खाली म्हणजे प्रत्यक्षात तुम्ही ९० च्या खाली पोचलेले असू शकता. सेन्सर आणि तुमचं अंग वेगवेगळं सांगत असेल तर बोट टोचा. आणि गाडी चालवताना मोबाइलवर सेन्सरचं ॲप बघत बसू नका, अलार्मचा आवाज मोठा ठेवा तेवढं पुरे.

५. इंजेक्शन, जेवण आणि पुण्याचं ट्रॅफिक

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात, मीही इथेच फसले.

इंजेक्शन घेतलं की खाणं तिथेच, त्याच टेबलावर. "घेऊन निघते, पोचल्यावर खाते" हे बंद. गुगल ३५ मिनिटं दाखवतं, पण नवले पुलाच्या उतारावर एखादा ट्रक बंद पडला की त्याचे ९० होतात हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. इंजेक्शनला ट्रॅफिक कळत नाही, ते त्याच्या वेळेला काम सुरू करतं.

आपल्याकडे खूप जणांना सकाळ-संध्याकाळ मिक्स इन्सुलिन असतं, ३०/७० वालं, म्हणजे ३० टक्के लगेच आणि ७० टक्के सावकाश काम करणारं. त्यात दुपारचं इंजेक्शन नसतं म्हणून लोकांना वाटतं दुपारचं जेवण पुढेमागे झालं तरी चालेल, आणि खरं बरोबर उलटं आहे, सकाळच्या डोसमधला मोठा भाग दुपारपर्यंत जोरात काम करत असतो. एक वाजता जेवणारा माणूस बँकेचं काम आटपून तीनला घरी निघाला की लक्ष्मी रोडच्या गर्दीत लो होतो. बाहेर काम लांबणार असं वाटलं तर डबा बरोबर न्या, निदान केळं.

उपास. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काही खायचं नाही आणि गोळी मात्र रोजची, मग संध्याकाळी सहाला सिंहगड रोडवर गाडी, ही सगळ्यात वाईट जोडी. उपास करू नका असं मी म्हणणार नाही, आमच्या घरी सगळेच करतात. पण उपासाच्या दिवशीचा डोस डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या आणि त्या दिवशी गाडी दुसऱ्याकडे द्या किंवा रिक्षाने जा. साबुदाणा खिचडीने शुगर आधी खूप वर जाते, म्हणून घाबरून जादा युनिट घेऊन निघणारे लोकही मी पाहिलेत, ते तर अजिबात करू नका.

गणपतीत आणि पालखी शहरात येते त्या दिवसांत रस्ते बंद असतात, वळवलेले असतात, एकदा अडकलात की मागे-पुढे काही होत नाही. त्या दिवसांत ग्लुकोज दुप्पट ठेवा.

व्यायामानंतरचं गाडी चालवणं लोक विसरतात. रविवारी सकाळी सिंहगड पायथ्यापासून चढलात, वर पिठलं-भाकरी आणि दही खाल्लं, खाली उतरलात आणि गाडी काढली, छान वाटत असतं. पण चढण्याउतरण्याने शुगर त्या वेळी जेवढी उतरते तेवढीच नाही, नंतर कितीतरी तास ती उतरत राहते. खाली पार्किंगमध्ये आल्यावर बोट टोचायचं आणि मगच निघायचं. तळजाई, पर्वती, जिम, बॅडमिंटन सगळ्याला हेच.

दारू पिऊन गाडी कोणीच चालवायची नाही हे आहेच, पण आपल्या बाबतीत दुसऱ्या दिवशी सकाळीही जपायला लागतं. लिव्हर दारू निस्तरण्यात अडकलेलं असतं तेव्हा ते शुगर सोडत नाही. रात्री पार्टी झाली असेल तर सकाळी न तपासता स्टिअरिंगवर बसू नका.

६. गाडी चालवताना लो वाटलं तर

लक्षणं प्रत्येकाची वेगळी. कोणाला घाम, कोणाला थरथर, भूक, धडधड. काहींना ओठांभोवती मुंग्या येतात. माझं मात्र सगळ्यात आधी डोकं तापतं, विनाकारण राग येतो. ओळखीचं वळण चुकणं, सिग्नल हिरवा झालेला न कळणं, आपली गाडी लेनमध्ये इकडेतिकडे जाणं, हीसुद्धा लक्षणंच आहेत. तुमचं पहिलं लक्षण कोणतं ते घरच्यांना विचारा, त्यांना तुमच्या आधी कळतं.

"पाचच मिनिटं राहिलीत, घरी जाऊन खाते" हा विचार मनात आला की समजा शुगर बोलतेय. लगेच:

इंडिकेटर द्या, डावीकडे या, सुरक्षित जागी थांबा, चारही इंडिकेटर चालू. पुलावर किंवा उतारावर असाल तर शक्य तेवढं पुढे सरकून कडेला, उजव्या लेनमध्ये थांबू नका. गाडी बंद, किल्ली काढा आणि जमलं तर ड्रायव्हर सीटवरून उठून डाव्या बाजूला बसा, म्हणजे गोंधळात परत गाडी चालू करणार नाही. स्कूटर असेल तर स्टँडवर लावून उतरा आणि फुटपाथवर बसा, स्कूटरवर बसून राहू नका, तोल जातो.

आधी खा. मीटर हाताशी असेल तर तपासा, नसेल तर तपासण्यासाठी थांबू नका. १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चमचे पावडर पाण्यात, किंवा तीन चमचे साखर, किंवा अर्धा ग्लास फळांचा रस (व्होग्लिबोज-अकार्बोजवाल्यांनी मात्र ग्लुकोजच). चॉकलेट, पेढा, आईस्क्रीम हे पहिल्यांदा नको, तुपा-दुधाने साखर रक्तात जायला उशीर होतो. गोड चहा चालतो का, असं सगळे विचारतात, तर काहीच नसेल तर घ्या, पण दूध न घातलेला बरा. उसाचा रस चांगला, कडेला गुऱ्हाळ असेल तर अर्धा ग्लास, बर्फ न घालता.

१५ मिनिटं थांबा. ही पंधरा मिनिटं फार लांब वाटतात, सगळं पाकीट खाऊन टाकावंसं वाटतं, थांबा. मग परत तपासा. अजूनही ७० च्या खाली असेल तर परत १५ ग्रॅम. वर आली की बिस्किट, शेंगदाणे, डब्यातली पोळी असं काहीतरी खा, नाहीतर ती पुन्हा घसरते.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. मीटर ९५ दाखवतोय म्हणून लगेच गाडी सुरू करायची नाही. रक्तात साखर आली तरी मेंदू पूर्ण भानावर यायला वेळ घेतो, म्हणून आकडा नीट झाल्यापासून पुढे ४५ मिनिटं थांबायचं असतं. मी त्या दिवशी टपरीवरच्या बाकावर तासभर बसले, ऑफिसला फोन केला, आणि शेवटी नवऱ्याने येऊन गाडी नेली. मीटिंग चुकली, चालतं.

एकदा लो होऊन गेलं की पुढचे एक-दोन दिवस परत होण्याची शक्यता जास्त असते आणि त्या वेळी लक्षणंही कमी जाणवतात. त्या दिवसांत जास्त वेळा तपासा, लांबचं ड्रायव्हिंग टाळा. तारीख, वेळ, आकडा, त्याआधी काय खाल्लं होतं आणि कोणता डोस हे लिहून ठेवा, डॉक्टरांना डोस बदलायला हीच माहिती लागते.

७. लांबचा प्रवास

मुंबई-पुणे एक्सप्रेस वे साधारण ९४ किलोमीटर, मोकळा असेल तर कळतही नाही. पण बोरघाटात सुट्टीच्या दिवशी अडकलात तर दोन-दोन तास जागचं हलता येत नाही आणि तिथे कोणी वडापाव विकायला येत नाही. घाट चढायच्या किंवा उतरायच्या आधीच फूड मॉलवर थांबून तपासा. साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या आधी, कोकणात जाताना ताम्हिणीत शिरायच्या आधी मुळशीच्या बाजूलाच पोटात काहीतरी घाला, पुढे बराच पट्टा दुकान नाही आणि मोबाइलची रेंजही जाते-येते.

दर २ तासांनी थांबायचं, शुगर बघायची, पाय मोकळे करायचे. जेवणाची वेळ झाली की जेवायचं, "आता डायरेक्ट महाबळेश्वरलाच जेवू" हे बाकीच्यांसाठी. नॅशनल हायवेवर मदत लागली तर १०३३, ॲम्ब्युलन्सला १०८, बाकी कशालाही ११२.

शुगर खूप वर असतानाही लांब जाऊ नका. ३०० च्या पुढे गेली की तहान, सारखी लघवी, डोळ्यांपुढे धूसर आणि झोप. लग्नाचं जेवण जेवून दुपारी तीनला गाडी काढणारे यात येतात. आणि घोरणं फार असेल, रात्रभर झोपूनही दिवसा पेंगता, सिग्नलला डोळा लागतो, तर तेही डॉक्टरांना सांगा, आपल्या वजनदार मंडळींमध्ये झोपेत श्वास अडकण्याचा त्रास खूप असतो.

८. डोळे आणि पाय

शुगर एकाएकी वरखाली झाली की डोळ्याच्या भिंगावर सूज येते-उतरते आणि नंबर बदलतो. इन्सुलिन सुरू केल्यावर पहिले काही आठवडे मला लांबच्या पाट्या धूसर दिसायच्या, मी घाईने नवा चष्मा केला आणि तो दोन महिन्यांत वाया गेला. शुगर स्थिर होईपर्यंत चष्मा करू नका, आणि तोवर रात्री गाडी नको.

वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासायचा. तपासताना बाहुली मोठी करायचं औषध घालतात, त्यानंतर काही तास उजेड सहन होत नाही आणि जवळचं नीट दिसत नाही, तेव्हा त्या दिवशी स्कूटर नेऊ नका. मेट्रोने किंवा रिक्षाने जा, कोणालातरी बरोबर न्या. पडद्यावर लेझर झालं असेल तर कडेचं आणि अंधारातलं कमी दिसू शकतं, डॉक्टरांना स्पष्ट विचारा की रात्री चालवू का. डोळ्यांपुढे एकदम काळे धागे किंवा जाळी आली तर त्या क्षणी गाडी थांबवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

घरी करायची एक तपासणी: सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुपारी एका गाडीपासून २५ मीटर मोजून लांब उभे राहा, चष्मा असेल तर लावून, आधी एक डोळा झाका मग दुसरा, आणि नंबर प्लेट वाचा. लायसन्सच्या फॉर्ममध्ये हाच प्रश्न असतो.

पायांची सोपी तपासणीही घरी होते. डोळे मिटून आडवे पडा आणि घरातल्या कोणालातरी दोन्ही पायांच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला एक-दोन सेकंद हलकंच बोट लावायला सांगा, दाबायचं नाही, घासायचं नाही. लावलं की तुम्ही "हो" म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर पायाची जाणीव कमी झालीय, डॉक्टरांना दाखवा. ब्रेकवर पाय आहे की ॲक्सिलरेटरवर हे न बघता कळलं पाहिजे. सपाता घालून कार चालवू नका, पाठीमागे पट्टा असलेलं आणि तळवा पातळ असलेलं पादत्राण बरं. स्कूटरवर तर बंद बूटच, बधीर पायाला सायलेन्सरचा चटका बसलेला कळत नाही आणि जखम झाल्यावर महिनोन्महिने भरत नाही.

९. लायसन्सचं काय

डायबेटिस आहे म्हणून आपल्याकडे लायसन्स नाकारत नाहीत. लायसन्स काढताना फॉर्म १ भरायचा असतो, तो आपला आपण केलेला फिटनेसचा जबाब, त्यात फिट येणं किंवा अचानक शुद्ध जाणं, चक्कर येणं असं काही होतं का, असा थेट प्रश्न आहे. वयाची ४० ओलांडली असेल तर डॉक्टरांच्या सहीचा फॉर्म १ए लागतो, नूतनीकरणालाही. अर्ज सारथी पोर्टलवर ऑनलाइन भरायचा.

जवळ ठेवायचे कागद: जुनं लायसन्स, आधार, फॉर्म १ए, डायबेटिसच्या डॉक्टरांची ताजी चिठ्ठी ज्यात औषधं आणि "लो शुगरचा त्रास नाही" किंवा जे असेल ते लिहिलंय, आणि डोळ्यांचा रिपोर्ट.

इथला सापळा म्हणजे एजंट. मला एकाने सांगितलं होतं, मॅडम तुम्ही यायची गरज नाही, डॉक्टरची सही आणून देतो. नको म्हटलं. ज्या डॉक्टरांनी तुम्हाला पाहिलंच नाही त्यांची सही उद्या अपघात झाल्यावर तुमच्या काही कामाची नाही, आणि खोटी माहिती दिल्याचं तुमच्यावर येतं. शरीर गाडी चालवण्याच्या स्थितीत नाही हे माहीत असताना चालवणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८६ खाली गुन्हा आहे. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडेच जा, खरं सांगा.

१०. घरच्यांना हे शिकवून ठेवा

शेजारी बसणाऱ्याला अधिकार द्या. आमच्याकडे ठरलंय की मुलगी "आई, थांब" म्हणाली की मी वाद न घालता गाडी बाजूला घ्यायची, बरोबर असो वा चूक. कारण लो झालेला माणूस हमखास म्हणतो, मला काही झालेलं नाही.

त्यांना मीटर वापरायला शिकवा, ग्लुकोज कुठे ठेवलंय ते दाखवा. शुद्ध असेल आणि गिळता येत असेल तरच तोंडाने द्यायचं. बेशुद्ध असेल तर साखरेचं पाणी तोंडात ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं, एका कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन करायचा. माझ्या मुलीने १०८ च्या खाली मोबाइलमध्ये मी रोज कोणत्या रस्त्याने जाते ते टप्प्याटप्प्याने लिहून ठेवलंय, नवले पूल, वारजे, चांदणी चौक, बाणेर, वाकड, म्हणजे फोनवर मला नीट बोलता आलं नाही तरी शोधायला कुठून सुरुवात करायची ते तिला माहीत असेल.